पेंचच्या पाळीने

पारशिवनीच्या बाहेर नहराचा पूल येतो. कठड्यापाशी डांबर सोडून मी सायकल पाळीवर घेतो आणि चाकाखालचा आवाज लगेच बदलतो. इतका वेळ टायरची एकसुरी गुणगुण होती. आता मुरूम करकरतो, मधूनच एखादा खडा उडून पाण्यात पडतो. जानेवारीची सकाळ आहे. सूर्य हातभर वर आला आहे, नहराच्या पाण्यावरून वाफ उठते आहे, आणि हातमोज्यांतही बोटं गारठलेली आहेत. मागे रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजतो. पहिलं वळण घेतल्यावर तोही ऐकू येत नाही.

मी पाण्याच्या उलट निघालो आहे, नवेगाव खैरीच्या धरणाकडे. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावलेली पेंच सातपुड्याच्या रांगांतून खाली येते, जंगलात तोतलाडोहला एकदा अडते, मग नवेगाव खैरीला पुन्हा अडते आणि उरलेली नदी बिना गावाजवळ कन्हानला मिळते. धरणापासून निघालेले कालवे हे पाणी शेतांकडे नेतात. नागपूरकरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणीही इथलंच. पूर्वी शहराचा वाटा उघड्या कालव्यातून वाहत जायचा आणि वाटेत झिरपून, उन्हाने उडून पुष्कळ कमी व्हायचा. म्हणून मोठी जलवाहिनी टाकली गेली. गोरेवाडा आणि गोधनीच्या शुद्धीकरण केंद्रांतून निघून आमच्या स्वयंपाकघरात पोचणाऱ्या त्या पाण्याचं गाव पाहायला मी निघालो आहे. गाडीने गेलो असतो तर तासाभरात धरणाच्या भिंतीवर उभा असतो. पण मग या दोहोंमधला मुलूख दिसला नसता.

पाळ म्हणजे नहर खोदताना निघालेल्या मातीचा बांध. त्यावर एका जीपला पुरेल एवढी वाट ठेवलेली असते, सिंचन खात्याच्या माणसांनी दारं तपासावीत, कुठे फूट पडली तर मजुरांना पोचता यावं म्हणून. या वाटेवर सायकलस्वार दिसत नाही, पण ती जणू त्याच्यासाठीच आखली आहे. नहराला उतार हवा, पण फार नको. पाणी जोरात धावलं तर काठ खरवडतं, रेंगाळलं तर गाळ धरतं. म्हणून हजारो फुटांमागे एखादा फूट इतकाच उतार दिलेला असतो, आणि तो राखण्यासाठी नहर टेकडीला वळसा घालतो, नाल्यावरून पूल करून जातो. त्याच्या कडेची वाटही तशीच सपाट राहते. उलट दिशेने जात असूनही पायांना चढ जाणवत नाही. आणि ती गावागावांना जोडायला काढलेली नाही, पाण्याच्या मागे मागे जाते. त्यामुळे कुठे लवकर पोचायचं असलेला माणूस इकडे फिरकत नाही. वाहतूक नाही ती एवढ्याच कारणाने.

अगदीच कोणी नाही असं नव्हे. दुधाचे कॅन लटकवलेली एक मोटारसायकल मघाशी गेली. शेळ्यांचा एक कळप पूर्ण वाट अडवून उभा आहे आणि त्यांची म्हातारी मालकीण काठी टेकून शांतपणे त्यांना एका अंगाला घेते आहे. मी उतरून थांबतो. ती मला वरपासून खालपर्यंत पाहते, हेल्मेटवर नजर ठेवते आणि म्हणते, "जा जी आता, मोकळा झाला रस्ता."

इथला मुरूम तांबूस आहे आणि उन्हात त्यात बारीक कण चमकतात. अभ्रक आहे ते. नागपूरच्या पश्चिमेला काळा बसाल्ट पसरला आहे. इकडे पारशिवनी, रामटेकच्या अंगाला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत. मनसर, कांद्री, खाप्याजवळचं गुमगाव इथल्या मँगनीजच्या खाणी याच जुन्या खडकांत आहेत. चाकाला हा फरक डोळ्यांआधी कळतो. दाबून बसलेल्या मुरमावर सायकल निवांत पळते, गारगोट्या सुट्या झाल्या आहेत तिथे हँडल थरथरतं, आणि जिथे पाळ खचून काळ्या मातीचा भराव घातला आहे तिथे पावसात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आता दगडासारख्या घट्ट झाल्या आहेत. अशा जागी हँडल आवळून धरायचं नाही. कोपर सैल ठेवायचे, नजर पुढच्या आठ-दहा हातांवर ठेवायची आणि सायकलला तिची वाट शोधू द्यायची.

माझ्या सायकलचे टायर चाळीस मिलिमीटर रुंदीचे आहेत आणि हवा मुद्दाम कमी ठेवली आहे. भीती दगडाची नाही, बाभळीच्या काट्याची आहे. पाळीच्या दोन्ही अंगांना बाभळी आणि हिवर माजले आहेत आणि कुंपणासाठी तोडून नेलेल्या फांद्यांचे काटे मुरमात लपलेले असतात. टायरमध्ये भोक बुजवणारा द्रव भरला आहे, तरी नजर खाली जातेच. अशा सायकलींना जगभर ग्रॅव्हल बाईक म्हणतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी २००६ पासून अशाच खडीच्या वाटांवर दोनशे मैलांची शर्यत भरते. आपल्याकडे नाव नवं आहे, वापर जुना. जाड टायरच्या काळ्या सायकलीवर मागे गव्हाचं पोतं, पुढे दांडीवर पोरगं बसवून अशाच वाटांनी बाजाराला जाणारी माणसं या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

डावीकडे कापसाचं वावर लागतं. शेवटची वेचणी चालली आहे. कमरेला ओटी बांधलेल्या सात-आठ बाया ओळीने पुढे सरकताहेत, मधेच कोणीतरी काही बोलतं आणि सगळ्या हसतात. पऱ्हाटी आता वाळून तांबडी झाली आहे, वर चुकार बोंडं उरली आहेत. पलीकडे तूर उभी आहे, कापणीला आलेली. नहराचं पाणी जिथे पोचतं तिथे मात्र रंग एकदम बदलतो. गहू गुडघ्याच्या खाली आहे आणि असा हिरवा की डोळा तिथेच थांबतो. पाळीच्या पायथ्याशी पाझराचं पाणी साचून पाणकणसं वाढली आहेत. एक खंड्या तारेवरून सूर मारतो. पुढच्या खांबावर नीलपंख बसला आहे. मी जवळ येताच तो उडतो, पंखांतला निळा रंग उघडतो, आणि पुढच्याच खांबावर जाऊन बसतो. मी पोचेपर्यंत तिथे, मग त्याच्या पुढच्या. असं बराच वेळ चालतं.

मोटारीच्या काचेतून हे दिसलं असतं का? दिसलं असतं, पण ऐकू आलं नसतं. सायकलवर बसलेला माणूस उघड्यावर असतो. गव्हाला पाणी सोडल्यावर मातीचा जो ओला वास सुटतो तो त्याला आधी येतो, मग पाण्याचा आवाज, मग पाणी. आणि वेग असा की समोरच्याला हाक मारता येते आणि उत्तर येईपर्यंत आपण तिथेच असतो.

अशीच हाक येते. नहराच्या दारापाशी फावडं घेऊन एक कास्तकार उभे आहेत, डोक्याला मफलर, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

"कोठून येऊन राहिले जी?"

"नागपूरहून."

"सायकलनं? अन् इकडं काऊन?"

"धरणावर जायचंय काका. पाळीपाळीनं."

ते विचार करतात. "रोडनं लवकर पोचसान."

"लवकर नाही पोचायचं."

हे त्यांना पटतं. फावडं बांधाला टेकवून ते बसतात आणि मीही सायकल आडवी करून शेजारी बसतो. रात्रभर जागले आहेत ते. "लाइन रातची हाये या हप्त्यात," ते सांगतात. विहिरीचा पंप रात्री चालतो, म्हणून विहिरीवरचं ओलित रात्री. नहराची पाळी दिवसा आली तर दिवसा पुन्हा उभं राहायचं. खालच्या कास्तकाराला पाणी पोचलं नाही तर भांडण, पोचलं तर याला कमी. पाटकऱ्याची वाट पाहायची, दार किती उघडलं ते पाहायचं. आणि रात्री बॅटरी हातात धरून या पाळीवरून चालायचं. "सूर्य निघाल्याबिगर येऊ नका बाप्पा इकडं," ते एकदम गंभीर होऊन म्हणतात. "वाघ फिरून राहिला हाये. गेल्या महिन्यात त्या नाल्यात गाय मारली."

त्यांनी बोट दाखवलेला नाला इथून दोनशे पावलांवर आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग १९९९ मध्ये घोषित झाला. त्याची हद्द कागदावर आहे, वाघाला ती कळत नाही. नाल्याच्या झाडीतून तो उसापर्यंत, गव्हापर्यंत येतो. मी उजाडल्यावर हौसेने आलो आहे. हे काका अंधारात पोटासाठी आले होते. एकच वाट आहे, पण तिच्यावर आम्हा दोघांचा धोका सारखा नाही, आणि या पाळीच्या शांततेविषयी लिहिताना ते विसरणं मला जमणार नाही. दिवसा वीज हा इथल्या लोकांचा जुना हट्ट आहे आणि तो पूर्णपणे रास्त आहे.

पाण्याचंही तसंच. वर छिंदवाड्यात चौराईचं धरण झाल्यापासून तोतलाडोहला येणारं पाणी घटलं. २०१९ च्या उन्हाळ्यात नागपूर शहराने पाणीटंचाई पाहिली. शहराचं पिण्याचं पाणी आणि कोराडी-खापरखेड्याची औष्णिक वीजकेंद्रं, दोन्हींची भिस्त या खोऱ्यावर आहे. पाणी कमी पडलं की आधी शहर, मग उरलं तर शेत. काका हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. "प्यायले त लागतेच ना पाणी," एवढंच म्हणतात आणि उठून दाराच्या फटीत गवताचा बोळा कोंबतात.

माझ्या बाटलीत नागपूरच्या नळाचं पाणी आहे. मी एक घोट घेतो आणि निघतो.

पुढे पाळ सोडून नदीकडे उतरणारी पांदण लागते. दोन्ही बाजूंना बोरीची झुडपं, मधे चाकोरीच्या दोन रेघा आणि रेघांमधे गवत. बोरं पिकली आहेत. काही उचलतो, खातो. आंबट-तुरट, वर गार. ही पांदण आजची नाही. गावाच्या नकाशात असे गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेले असतात आणि त्यांची रुंदी १६.५ ते २१ फूट धरलेली असते. पायमार्ग तुटक एका रेषेने, सव्वाआठ फुटांचा. कागदावर ही वाट पूर्ण रुंदीची असेल, पण इथे दोन्हीकडचे धुरे पुढे सरकून बैलबंडी जेमतेम जाईल एवढी उरली आहे. कोणी वाट अडवलीच तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण शेजाऱ्याविरुद्ध अर्ज कोण करणार? मग पावसाळ्यात चिखलातून कापसाची गाठोडी डोक्यावर वाहून नेली जातात. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली ती यासाठीच. या पांदणीवर खडी आणि मुरूम पडावा असं मला मनापासून वाटतं, कास्तकारासाठी आधी. सायकल काय, कशीही जाईल.

डांबराची गोष्ट मात्र वेगळी आहे. मुरूम नीट पसरून, दाबून, कडेला पाणी जायला नाली काढून वाट केली तर ती बैलाच्या खुराला बरी, पायाला बरी, ट्रॅक्टरला पुरेशी. डांबर पडलं की पहिल्या महिन्यात वेग येतो. मग रेतीचे ट्रक आडवाटेने तिथून जाऊ लागतात. कन्हानच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

उतार संपतो आणि नदी समोर येते. घोगरा महादेवचा परिसर आहे हा. पेंच इथे खडकांतून वाट काढते. पाण्याने घासून गुळगुळीत केलेले मोठाले खडक पात्रभर पसरले आहेत आणि त्यांच्यामधून पाणी खळाळत जातं. वर धरणांनी अडवलेली नदी इथे जेवढी उरली आहे तेवढी सगळ्या जोरानिशी वाहते. सायकल खडकाला टेकवून मी बूट काढतो आणि पाय पाण्यात सोडतो. थंडी घोट्यातून थेट वर चढते. एक धोबी पक्षी शेपटी हलवत खडकावरून खडकावर जातो. मंदिराच्या बाजूने घंटेचा आवाज येतो, नारळ फुटल्याचा आवाज येतो.

इथे बसलं की मला दुसऱ्या एका पाळीची आठवण येते, मी न पाहिलेल्या. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून पोटोमॅक नदीच्या काठाने कंबरलंडपर्यंत एक जुना कालवा आहे, चेसापीक आणि ओहायो कालवा, सुमारे २९७ किलोमीटरचा. त्याच्या पाळीवरून खेचरं दोराने मालाच्या नावा ओढत नेत. १९२४ मध्ये नावा थांबल्या आणि पाळ ओस पडली. पुढे तिच्यावरून मोटारींचा रस्ता काढायचा बेत झाला आणि वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखातून त्याची बाजू घेतली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: आधी माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा. मार्च १९५४ मध्ये ते खरोखरच चालले, पूर्ण अंतर. बरोबर निघालेल्यांपैकी मोजकेच शेवटपर्यंत टिकले. संपादकांनी आपलं मत बदललं, रस्त्याचा बेत मागे पडला, आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्या पाळीवरून लोक चालतात, सायकली नेतात, आणि वाट अजून मातीची-खडीचीच आहे.

डग्लस यांची रीत मला फार आवडते. आमच्याकडे सायकलमार्गांचे आराखडे होतात ते शहरातल्या रुंद रस्त्यांच्या कडेने, रंगवलेल्या पट्ट्यांचे, ज्यांच्यावर दुसऱ्या दिवशी गाड्या उभ्या राहतात. नागपुरात सायकलवेड्यांची वाण नाही. आमचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने पूर्ण करून आले, पुढच्या वर्षी सायबेरियाही पार केला. त्यांना पाहून किती मुलं पहाटे वर्धा रोडला, जबलपूर रोडला सायकली घेऊन बाहेर पडू लागली. पण ती सगळी महामार्गावर, ट्रकच्या कडेने. आईवडील जीव मुठीत धरून घरी बसतात. आणि इथे, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, पाण्याच्या काठाने आधीच बांधलेली वाट पडून आहे. तिला फार काही नको आहे. फुटलेल्या मोऱ्या बांधून काढायच्या, खचलेल्या जागी मुरूम टाकायचा, मोटारगाडी आत जाऊ नये आणि बंडी मात्र जावी असे अडथळे बसवायचे, खोल पाण्याच्या जागी फलक लावायचे. ज्यांच्या हाती हे आहे त्यांनी एकदा एखाद्या थंडीच्या सकाळी या वाटेने धरणापर्यंत यावं.

बूट चढवून मी पुन्हा पाळीवर येतो. ऊन आता चांगलं तापलं आहे. जॅकेट काढून पिशवीत कोंबतो. समोर टेकड्या जवळ येऊ लागल्या आहेत, सागाची पानं करडी पडली आहेत, मधेमधे मोहाची काळी खोडं. त्या टेकड्यांपलीकडे जलाशय आहे. त्याच्या काठावर कुवारा भिवसेनचं ठाणं, जिथे चैत्रात गोंड भाविकांची यात्रा भरते. त्याहून वर, जंगलात, तोतलाडोह, १९८९ मध्ये पूर्ण झालेलं धरण आणि १६० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र. पण आज माझी वाट पहिल्या भिंतीपाशी थांबणार आहे.

समोरून तीन सायकली येताहेत. शाळेच्या गणवेशातल्या मुली, निळा कमीज, दोन वेण्या, मागे दप्तरं. वाट अरुंद आहे तरी त्या शेजारी शेजारी चालवताहेत आणि मोठ्याने काहीतरी पाठ करताहेत. जवळ आल्यावर कळतं, विज्ञानाची उत्तरं आहेत. एकीच्या सायकलला ब्रेक नाही, ती चप्पल चाकाला लावून थांबते.

"धरण किती दूर आहे?" मी विचारतो.

"दिसतेच ना ते," ती मागे हात करते. "पण इकडून नका जाऊ दादा. समोर मोरी फुटली हाये, पाणी वाहून राहिलं."

"मग तुम्ही कशा आलात?"

"धुऱ्यानं." तिघी एकदम बोलू लागतात. आंब्याच्या झाडापासून खाली उतरायचं, तुरीच्या धुऱ्याने जायचं, मग नहरावर लाकडं टाकली आहेत. मधे रेती लागते, तिथे उतरून ढकलायची.

"लाकडं मजबूत आहेत का?"

"आमी रोजच जातो," दुसरी म्हणते. मग माझ्या जाड टायरकडे पाहून विचारते, "ह्याले पंचर नाही होत का?"

"कमी होतं. आत औषध भरलंय."

ती वाकून टायर दाबून पाहते. "हवा कमी हाये तुमची."

"मुद्दाम ठेवलीये. मुरमावर घसरत नाही."

हे ती लक्षात ठेवते असं दिसतं, कारण स्वतःच्या सायकलचा टायरही ती अंगठ्याने दाबून पाहते. मग पहिलीला शाळेची वेळ आठवते आणि तिघी पायडल मारत निघतात, मोरीची, रेतीची, लाकडांची सूचना पुन्हा एकदा मागे ओरडून सांगत. मी आंब्याचं झाड शोधतो, पाळीवरून खाली उतरतो आणि तुरीच्या धुऱ्याला लागतो.